उजव्या कमरेची तलवार

अप्पा, काल ती आली होती, चौकटवाल्यांची मुलगी. आता पंचेचाळिशीला टेकली आहे आणि बापाचं तसबिरींच्या चौकटींचं दुकान तीच चालवते. तरी मी तिला मुलगीच म्हणते. तुम्ही तिचं कौतुक करायला लागलात तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि माझ्या मनात ती तिथून पुढे वाढलेलीच नाही. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. एवढ्या काळात माणूस सगळं विसरतं म्हणतात, पण पाठांतरात मी पहिल्यापासून पक्की, तुम्हीच केलीत.

संस्थानं विलीन झाली, त्यानंतरचा तो हिवाळा. देवासच्या सरदारांनी विलायती छापचित्रांची पेटी तुमच्यापुढे आणून ठेवली. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापत, आणि ज्यांना मूळ चित्र मिळण्यासारखं नसे ते हे कागद हौसेनं जमवत. त्या छापांवरून मग दुसरे कारागीर नकला कोरत. सरदारांचे भाऊ धारला. वाटणीत एकाच चित्राचा एकेक कागद दोघांकडे गेला होता, आणि आपलाच अस्सल, दुसऱ्याचा नक्कल, असं दोघेही शपथेवर सांगत. यात संस्कृतचे शिक्षक कशाला, तर चित्राखाली लॅटिन होतं, आणि मेलेल्या भाषांचे जाणकार गावात तुम्ही एकटेच. तुम्ही कोश मागवून लॅटिन जुळवायला बसलात आणि मला, लेकीला, शेजारी बसवलंत. इतकं सुख मला पुढे लग्नातही झालं नाही.

चित्रात पंगत होती. एक म्हातारा पाव वाटतोय, दाराशी शिपाई उभा. मी खालच्या ओळी घडाघडा वाचून दाखवते आहे, तुम्ही मान डोलावता आहात, आणि चौकटीचं माप घ्यायला चौकटवाले मुलीला घेऊन येतात. ती वाकून बघते.

"काका, ह्या शिपायाची तलवार उजव्या कमरेला कशी?"

"मग?"

"निकालेगा कैसे? आमच्या आजोबांची आहे ना घरी, ती डाव्या बाजूला लावायची. आणि हे बाबा बघा, रोटीपण डाव्या हातानं देतायत. सगळेच खब्बू?"

"म्लेच्छांना कसला आलाय डाव्या-उजव्याचा विधिनिषेध!" मी म्हणाले.

चौकटवाले म्हणाले, "ताईसाहेब, म्लेच्छालाही तलवार तर काढावीच लागेल ना!"

तुम्ही खो खो हसलात, आणि हसता हसता थांबून भिंग उचललंत. छाप समोर ठेवून जसाच्या तसा पत्र्यावर कोरला, की कागदावर उमटताना उलटा होतो. नक्कल करणाऱ्यानं अक्षरं तेवढी सांभाळून उलटी कोरली होती, म्हणून ती सरळ छापली गेली. माणसं मात्र डावरी झाली. अक्षरं सरळ, म्हणून माझ्या लेखी सगळंच सरळ. "अगं, तू वाचत होतीस, ही बघत होती," तुम्ही म्हणालात. तुम्ही सहज बोललात. मी सहज ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या बापलेकींना घेऊन इंदूरवरून धारला निघता, दुसरा कागद पाहायला. मला म्हणता, "दशम्या बांधून दे." मी तिघांच्या बांधते. तिच्या दशम्यांना तूप लावलं नव्हतं, हेही आता सांगून टाकते. परत आलात ते उजळलेल्या चेहऱ्यानं. धारच्या चित्रात सगळे सभ्य माणसांसारखे उजव्या हातानं जेवत होते, आणि रेघा केसाहून बारीक. म्हणजे देवासची नक्कल. सरदार महिनाभर तुमच्याशी बोलले नाहीत, त्याचं तुम्हाला काही नाही. भिंग तुम्ही तिला देऊन टाकलंत. मला शब्दकोश.

तुमच्या मोतीबिंदूमुळे या निकालाचा अहवाल मी लिहिला. "खाली तिचं नाव घाल," तुम्ही सांगितलंत. "हे विलायती छापवाले बघ, चित्रकाराचं नाव डावीकडे, कोरणाऱ्याचं उजवीकडे. कुणी कुणाचं श्रेय खात नाही." मग म्हणालात, वाचून दाखव. मी वाचलं, शेवटी तिचं नाव तिच्या वडिलांच्या नावासकट, अगदी स्पष्ट उच्चारात. कागदावर ते नव्हतं, अप्पा. तिथे फक्त तुमचं होतं आणि माझं. तुम्ही डोळे मिटून "छान" म्हणालात.

काल ती म्हणाली, "ताई, काकांनी माझं नाव लिहिलं होतं ना, तो कागद कुठं मिळेल? पोरीला दाखवीन म्हणते. ती हिंदी शाळेतली, मराठी नाही वाचता येत तिला धड, पण आईचं नाव तर ओळखेल." मी म्हणाले, वाळवी लागली. अहवालाची प्रत माझ्या ट्रंकेत आहे. ती गेल्यावर काढून पाहिली. उजवीकडे भरपूर जागा आहे, अक्षरही अजून माझं तसंच आहे. लेखणीत शाई भरली आणि त्या शाईनं हे पत्र लिहीत बसले, जे कुठे धाडायचं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ती मध्ये बोलली नसती, मला आणखी थोडा वेळ मिळाला असता, तर मलाही दिसलं असतं. अप्पा, ती यायच्या आधी ते चित्र आठ दिवस माझ्यापुढे होतं.