टिटवीची चार अंडी

याडी, माझे आई, तू गेल्याला पस्तीस वर्षं झाली आणि तुला वाचता तर कधीच येत नव्हतं, म्हणूनच मी एवढ्या धीटपणे लिहिते आहे. आपण दोघी तांड्याची बोली बोलायचो. आज शाळेच्या मराठीत लिहिते, कारण तिच्याचपायी मी तुला फसवलं.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. पैनगंगेच्या वाळूत आपली डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, आणि तिला लागून तो लांबलचक काळा खडक. सकाळी खडकावर बायांचं राज्य असतं. गोधड्या आपटून वाळत घातल्या की त्यांच्या शेजारी कासवं येऊन वाळत पडतात. भोई जाळं टाकतो आणि पाणमांजरं मुंडकी वर काढून बघत राहतात, जाळ्यात काय लागलं याची त्यांना भोयापेक्षा जास्त घाई. भोई त्यांना शिव्या देतो, गोधड्यांवरच्या बाया भोयाला हसतात. मला खोपीत बसवलेलं असायचं ते कोल्ह्यांवर नजर ठेवायला, पण मी सगळ्यांवरच ठेवायचे. एकदा खंड्या मासे कसे टिपतो ते बघत बसले आणि पाठीमागे कोल्ह्याने तीन डांगरं फोडली. तू म्हणालीस, "छोरी, तू डांगर राखून राह्यली का कोल्ह्याले पंगत वाढून राह्यली?" रागावलीस, पण फुटलेलं डांगर आपण दोघींनीच बसून खाल्लं.

त्या साली टिटवीने खडकाच्या बुडाशी, पाण्यापासून चार हातांवर, गोट्यांमध्ये चार अंडी घातली होती. अंडी खाली असली तर पाऊस उशिरा, वर असली तर नदी लवकर येणार, असं सगळेच मानायचे. रोहिणी लागल्या की तू पदर खोचून बघायला जायचीस आणि तू सांगशील तेव्हा सगळ्यांच्या वाड्या उठायच्या. शेजारच्या गावचे कुणबीसुद्धा पेरणीआधी तुला विचारायला यायचे. मला मात्र खालची अंडी बघून रडू फुटलं. पाऊस उशिरा म्हणजे आखाडापर्यंत वाडी हलणार नाही, मी खोपीतच राहणार आणि ढाणकीच्या शाळेतली पाचवी पुन्हा हुकणार. आदल्या साली उशिरा गेले म्हणून मास्तरांनी दारातूनच परत पाठवलं होतं. यंदाही हुकली तर पोरीच्या लग्नाचं बघू, असं बा म्हणाला होता.

मग मी अंडी उचलली. एकदम लांब नेली तर टिटवी सोडून जाईल, हे खोपीत बसून बसून मला कळलं होतं. म्हणून रोज दुपारी, बाया घरी गेल्या की, दोन-दोन हात वर. ती ओरडत डोक्यावर झेपा घालायची, मी टोपलं डोक्यावर धरून काम उरकायचे. मी लांब सरकले की ती तावातावाने यायची, गोटे इकडेतिकडे सारायची आणि बसायची. आठ-दहा दिवसांत आम्ही दोघी खडकाच्या माथ्याशी पोचलो. पुढे चारही पिल्लं निघाली, तेवढं पाप माझ्या माथी नाही.

तू रोहिणीत जाऊन आलीस तेव्हा कुणबीबुवा वाट बघतच बसले होते.

"काय म्हन्ते बाई टिटवी?"

"वरतं हाये. नदी लवकर येते यंदा, मोठी येते. वाड्या उचला."

वेलांवर कच्ची डांगरं सोडून तीन घरांनी वाड्या उचलल्या. मी ढाणकीला मामाकडे गेले आणि पाचवीत नाव घातलं. नदी आली नाही. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या. मी रविवारी तांड्यावर यायचे तेव्हा कुणबीबुवा हमखास विचारायचे, "नदी काहून नाही आली वं?" तू म्हणायचीस, "टिटवीले घर बदलावंसं वाटलं असन." सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढच्या रोहिणीतही तू पदर खोचून गेलीस, बघून आलीस आणि खोपीपुढे बसलीस. विचारायला कुणी आलं नाही. तू दोनदा वाटेकडे पाहिलंस, मग डांगर चिरून पहिली फोड माझ्या हातावर ठेवलीस. ते आठवलं की मला अजून सोसत नाही.

माझी छोरी मास्तरीण झाली, हे तू भेटेल त्याला सांगायचीस. तेव्हाही सांगता आलं असतं, नाही सांगितलं. हा कागदही कपाटातच राहील. लाज वाटते, याडी, पण पस्तावा होत नाही. पुन्हा बारा वर्षांची झाले तर पुन्हा अंडी वर नेईन. फक्त आधी तुला सांगेन. चार होती, त्यातली दोन तू घेतली असतीस.