एक टोपी कमी पडली, त्याबद्दल

मी, यशोदाबाई भ्र. कै. विश्वंभर पोले, वय एकसष्ट, धंदा शेती व शेळ्या, रा. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. आजार फक्त गुडघ्यांचा, तो लिहिण्याच्या आड येत नाही. लोक मरण जवळ आलं की मृत्युपत्र करतात. मी लग्न जवळ आलं म्हणून करते आहे!

नवरदेव म्हणजे नरसी नामदेवचे विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री तातेराव, वय चौसष्ट. त्यांची बायको वारून सहा वर्षं झाली, माझे मालक जाऊन नऊ. मी लग्नाचं बोलले तेव्हा माझा मुलगा शिवशंकर म्हणाला, "आई, लोक म्हणतील जमिनीसाठी करून राहिला हा बुवा." घ्या तर मग. आहे ते सगळं आजच वाटून टाकते. तातेरावांच्या नावे चमचासुद्धा नाही, आणि ते त्यांनीच सांगितलं आहे.

१. दीड एकर शेत, विहीर व मोटारीसह, शिवशंकरला. बांधावरची चिंच तोडू नये, तिच्या सावलीत मी अर्धं आयुष्य वाचत बसले.

२. राहतं घर सून राधिका हिच्या नावे. शिवशंकरने तोंड वाकडं करू नये. नीट वागला तर ती त्याला घरात घेईलच.

३. नऊ शेळ्या दोघांच्या. लंगडीला विकायचं नाही. हळद शिजवायची मोठी कढई गल्लीची. ज्याला लागेल त्याने न्यावी आणि घासून परत आणावी. न घासता कोण आणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, इथे नाव लिहीत नाही.

४. माझ्या एकशे बारा कादंबऱ्या. निम्म्या कै. विश्वंभर यांनी हिंगोलीच्या बाजारातून आणल्या. स्वतः एक पान वाचलं नाही कधी, पण पिशवीत मिरच्यांच्या वर पुस्तक ठेवून आणायचे. भला माणूस. त्यांच्याबरोबर मी सुखाने नांदले आणि या लग्नाने त्यांचा मान कमी होत नाही, हेही लिहून ठेवते.

मला त्यातल्या एकाच जातीच्या गोष्टी लागतात. जमता जमता मोडलेलं, आणि मग वीस-तीस वर्षांनी दोघं पुन्हा समोरासमोर! राधिका एकदा म्हणाली, "आत्या, तुमाला ह्याच काहून आवडतात?" म्हटलं, अगं, पहिल्यांदा जमायला काय लागतं, वय असलं की जमतं. दुसऱ्यांदा जमायला कोणीतरी 'माझं चुकलं' म्हणावं लागतं. तेवढं वाक्य येईपर्यंत मला भाकर गोड लागत नाही. आणि ती नायिका, मेली, दोनशे पानं बोलतच नाही! मी पुस्तकाला शिव्या घालते, बोल ना गं भवाने, माणूस दारात उभा आहे!

सगळ्या कादंबऱ्या राधिकाला. माझी जाऊ निर्मलाबाई हिला एकही देऊ नये. ती शेवट आधी वाचते आणि नळावर जाहीर करते.

५. आता मुद्द्याचं. गेल्या उन्हाळ्यात विहिरीची मोटार जळाली आणि शिवशंकरने मिस्त्री आणला. मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी संतरामची यशोदा न्हाई का?" संतराम म्हणजे माझे वडील. माझ्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. कारण मी अठरा वर्षांची असताना याच तातेरावांशी माझी सोयरीक ठरत होती.

सुपारी फुटायचा दिवस होता. वडिलांनी पाहुण्यांना मानाच्या अकरा टोप्या मोजून पेटीत ठेवल्या होत्या. त्यातली एक कडक पांढरी होती, फार देखणी. ही लग्नात तातेरावांनाच शोभेल म्हणून मी ती गुपचूप काढून ठेवली. टिळा लावत, टोप्या देत वडील शेवटी तातेरावांच्या चुलत्यापाशी आले, आणि पेटी रिकामी. चुलता ताडकन उठला. "आमाला तुमी माणसात धरलं न्हाई!" सगळी मंडळी उठली. वडील हात जोडून म्हणत होते, मोजण्यात माझीच चूक झाली. मी दाराआड उभी होते. तोंड उघडलं नाही. टोपी दुसऱ्या दिवशी चुलीत घातली.

वडील शेवटपर्यंत स्वतःला दोष देत गेले. तातेराव त्रेचाळीस वर्षं समजून आहेत की संतरामने मुद्दाम अपमान केला. वडिलांचं नाव निघालं की अजून त्यांचा चेहरा बदलतो. मला ते हवे आहेत, फार हवे आहेत, पण हे लपवून नकोत. म्हणून सही करण्याआधी हा कागद त्यांना वाचायला देते आहे. ते नाही म्हणाले तर लग्न मोडलं समजावं, वरची वाटणी तशीच राहील.

पुरवणी, पाच दिवसांनंतर.

चार दिवस नरसीहून फोन नाही. माझा जीव टांगणीला लागला. राधिका दर तासाला विचारायची, "काय म्हणले?" तर शिवशंकर म्हणाला, "मी जाऊन येऊ का, आई?" हे ऐकून मला रडूच आलं.

आज सकाळी ते आले. दाराशी चप्पल काढली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "संतरामचा फोटो कुठं हाय?" मी भिंतीकडे बोट दाखवलं. ते फोटोसमोर गेले, गुडघ्यावर बसले, जमिनीला डोकं टेकवलं. म्हणाले, "मामा, लई वर्षं शिव्या देल्या तुमाला. चुकलो."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. राधिका एवढ्या मोठ्याने ओरडली की शेळ्या दावणीला उड्या मारायला लागल्या.

खालील सही वाकडी आली आहे. आनंदाने हात थरथरतो आहे. कोणी माझ्या तब्येतीचा संशय घेऊ नये.

सही: यशोदाबाई विश्वंभर पोले

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली आणि ज्यांनी ती थरथर डोळ्यांनी पाहिली:
१. वैजनाथ, किराणा दुकानदार, डोंगरकडा
२. गुलाबसिंग, शेजारी, डोंगरकडा

ठिकाण: डोंगरकडा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५