पुढची खुर्ची

५ डिसेंबर १९५५, सोमवार

डिकॉस्टा मिस्त्री काल बिऱ्हाड घेऊन मुंबईला गेला. कायमचा. त्याच्या जागेवर आजपासून मी. गेल्या महिन्यात तोंडी परीक्षा दिली, लायसन हातात आलं. कुरुळीचा पोरगा, सायकलच्या दुकानातून निघालेला, फ्लाइंग क्लबाचं विमान उडायला ठीक आहे, अशी सही आता करणार. सकाळी देवापुढे साखर ठेवली.

दुपारी दातारसाहेबांनी बोलावलं. क्लबात विमान शिकवतात ते. म्हणाले, मिस्त्री, जुन्या दुपंखी विमानाचं इंजिन तुम्हीच उघडा, तुम्हीच बसवा, सही तुमची. आणि मग सहज, चहा पिता पिता, की चाचणीच्या दिवशी पुढच्या खुर्चीत यायचं, ठाऊक आहे ना.

ठाऊक आहे. इथली रीतच ती. ज्याची सही, त्याने पहिल्या उड्डाणाला चालवणाऱ्याच्या पुढच्या खुर्चीत बसायचं. डिकॉस्टा शीळ घालत बसायचा.

मी हो म्हटलं. सायकलवरून चिंचवडला घरी येईस्तोवर तेच डोक्यात. इतकी वर्षं विमानं हाताखालून गेली, पण मी कधी वर गेलेलो नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

८ डिसें., गुरु.

इंजिन पुरतं सुटं केलं. फडक्यावर एकेक भाग मांडला की रुखवतासारखं दिसतं. काम चांगलं चाललंय. तेवढा वेळ भीती जवळ येत नाही. हात धुतले की येते.

शपथेबद्दल कधी लिहून ठेवलं नव्हतं. लिहितो.

लहान होतो. आमच्या पडीक रानात एका साहेबाचं विमान उतरलं, इंजिन बिघडून. गाव लोटलं. दोन दिवस त्यांचा मिस्त्री खटपट करत होता आणि मी बांधावर, भाकरीलासुद्धा घरी गेलो नाही. निघताना साहेबाने कौतुकाने उचलून आत बसवलं. पंखा फिरला, सगळं अंग थरारलं. तेवढ्यात आई ढेकळांतून धावत आली, मला ओढून काढलं आणि माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माज्या गळ्याची शपथ हाय तुला. पाय भुईवरनं सुटला तर मी न्हाई."

बस्स. तेव्हापासून विमानाचं वेड भुईवर राहूनच केलं. सायकलचं दुकान, मग लढाईत लष्करी कारखाना. इंग्रजी अक्षरं तेलाच्या डब्यांवरून शिकलो. लोक वर पाठवले. आपण मान वर करून बघत राहिलो. जात्यातले रडतात नि सुपातले हसतात म्हणतात. मी जन्मभर सुपात.

आई अजून आहे. कुरुळीला, धाकट्या भावाकडे.

११ डिसें., रवि.

आज हिला सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. म्हणाली, नातवंडं मांडीवर आली आणि अजून लहानपणची शपथ धरून बसलात का. मी म्हटलं, आईचा गळा आहे तो, काही चेष्टा नाही. त्यावर हिने दोन खडे वेचले. मग आपणच म्हणाली, "ज्याने घातली त्याने सुटली म्हणावं. जा की सासूबाईंकडं. तोंडानं सुटली म्हणाल्या की झालं."

ते खरंच. पण आई म्हणायची नाही. पिकलं पान, त्यात हट्टी. आणि म्हणालीच, आणि त्यानंतर तिला काही झालं तर?

भाकरी अर्धी टाकली. हिने पाहिलं, ताट उचललं.

१४ डिसें., बुध.

अमावास्या, त्यात सूर्यग्रहण. क्लबात चिटपाखरू नाही. मी गेलो तरी. ग्रहणात हत्याराला हात लावू नये म्हणतात, म्हणून नुसता विमानाभोवती फिरलो.

शेपटाकडे जाणाऱ्या तारा पाहिल्या. प्रत्येक तारेच्या टोकाला एक पिन, बोटाच्या पेराएवढी. ती निसटली की संपलं. नवशिक्याला हे दिसत नाही, म्हणून तो हसत चढतो. मला प्रत्येक पिन नावानिशी ओळखू येते. माहिती वाढली की धीर वाढतो असं वाटायचं. उलटंच आहे.

उजेड पिवळा पडला तेव्हा बाहेर आलो. कुत्री गप्प. उगीच वाईट वाटत राहिलं.

१७ डिसें., शनि.

इंजिन बसलं. चाकांपुढे ओंडके लावून जमिनीवर चालवलं. आवाज कसा, जातं दळतंय तसा, एका लयीत. दा. साहेब खूश. म्हणाले, मग सोमवारी उडवू.

मी म्हटलं, चंपाषष्ठी होऊ द्या. ते हसले, "मिस्त्री, विमानालाही मुहूर्त?"

मग सांगून टाकलं. शपथ, आईचा गळा, सगळं. वाटलं आणखी हसतील. हसले नाहीत. रुमालाने चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, दुसऱ्या क्लबाचा मिस्त्री बोलावता येईल. तो तपासेल, तो सही करेल, तो बसेल. पण पुढेही मग तोच येत जाईल. कमिटीला दोन मिस्त्री परवडायचे नाहीत. तुम्ही पूर्वीसारखे नुसते फिटर राहाल, सही त्याची.

रागाने नाही बोलले. खरं तेच बोलले. म्हणून जास्त लागलं.

सायकल हातात धरून चालत आलो.

२० डिसें., मंगळ., चंपाषष्ठी

पहाटे निघालो. मोशीला इंद्रायणी ओलांडली, ऊन वर यायच्या आत कुरुळी. आई ओट्यावर. डोळे अधू झालेत पण चाहुलीवरून ओळखते. भावजयीने वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी वाढली. मी भाकरी नुसती कुस्करत बसलो. आई म्हणाली, "वांगं आवडंना का आता शेरातल्या माणसाला?"

मग पायाशी बसलो आणि विचारलं. आई, ती शपथ सोडव.

"कसली शपथ?"

विमानाची. पडीक रानात. गळ्यावर हात ठेवून.

तिला आठवेना. खरंच आठवेना. विमान आठवतं, साहेबाची लाल मान आठवते, गर्दीत कुणाचं तरी वासरू बुजून पळालं ते आठवतं. शपथ नाही. मी सगळं पुन्हा सांगितलं. तिने ऐकलं, आणि बोळक्या तोंडाने हसायला लागली. भाऊ, भावजय, सगळेच हसले.

"आरं, शपता मी तुला रोज घालत व्हते. इहिरीत उडी टाकू नगं म्हनून घातली. टाकायचा थांबलास व्हय? तमाखूची घातली. आजून खातोस, वास येतोय. येक तरी पाळलीस का कुटली? आन् हीच बरी पाळली."

मी तंबाखूची पुडी खिशात खाली दाबली.

"सुटली. सुटली म्हंते. जा. आन् त्ये भरीत टाकू नगं."

कोंबडी हाकलावी तशी हात हलवून म्हणाली. इतकंच. झालं.

येताना इंद्रायणीच्या पुलावर सायकलवरून उतरलो. कठड्याला टेकून उभा राहिलो. खाली बायका धुणं धूत होत्या, सगळं नेहमीसारखं. छातीवरचा दगड उतरला म्हणून हलकं वाटायला हवं होतं. दगड उतरला तो नेमका ज्याच्या आड मी बसलो होतो तोच.

विहिरीची मोडली. तंबाखूची मोडली. हीच का नाही मोडली?

२१ डिसें., बुध.

हिने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, सुटली म्हणाली.

ही हात जोडून देवाकडे वळली. मी म्हटलं, थांब. मला भीती वाटते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द हिच्यापुढे कधी काढला नव्हता. हिने जोडलेले हात सोडले. मग खाली बसली. "मला वाटायचं, तुम्हाला लई जायचं आसंल आन् सासूबाईंमुळं आडलं. मला वाईट वाटायचं वो तुमच्यासाठी."

मलाही तसंच वाटायचं. आजवर.

आभाळ बघितलं की अजून जीव वर ओढला जातो, ते खोटं नाही. घार फिरताना दिसली तर रस्त्यात सायकल थांबवतो. पण पुढच्या खुर्चीत स्वतःला डोळ्यांपुढे आणलं की बोटं आपोआप काहीतरी धरायला बघतात. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, देव जाणे.

रात्री झोप नाही.

२३ डिसें., शुक्र.

उद्या चाचणी ठरली. सकाळपासून सगळ्या पिना पाहिल्या. जेवण झाल्यावर पुन्हा पाहिल्या. मग इंजिनावरचं झाकण परत काढलं. दा. साहेब मागे येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही.

"काही सापडलं?"

"नाही साहेब."

"मग?"

"सापडत नाही, तेच."

एखादी पिन सैल सापडावी म्हणून मी शोधत होतो, हे बोलता बोलता माझं मलाच कळलं. सापडली असती तर चार दिवस मिळाले असते. कसला माणूस मी. आपल्याच कामात खोट निघावी म्हणून नवस.

सांगितलं त्यांना, आईने शपथ सोडली, भीती सुटत नाही. ते झाकण धरून उभे होते, माझ्याबरोबर त्यांनीही दोन स्क्रू फिरवले. मग म्हणाले, "मिस्त्री, मी रोज वर जातो तो तुमच्या हातांवर भरवसा ठेवून. तुम्ही माझ्या हातांवर भरवसा ठेवणार की नाही, एवढं उद्या सांगा. आज नको."

हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटे भीती पिनांची. पण पिना माझ्या. मी वळलेल्या, मी तपासलेल्या. तिथे वर, एकदा चाकं सुटली की, माझ्या हाताला कामच नाही. दुसऱ्याच्या जिवावर नुसतं बसून राहायचं. ते मला जन्मात जमलेलं नाही. बैलगाडीतसुद्धा कासरा मी मागून घेतो, ही त्यावरून हसते.

कळून काय उपयोग. कळलं तरी भीती तिथेच.

२४ डिसें., शनि. सकाळ. क्लबात

सही केली. अक्षर जरा वाकडं आलं, पण सही माझीच दिसते. विमान चांगलं आहे. हे मी कुणापुढेही सांगेन.

वारा उठलाय. वारा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी आडवी होऊन फडफडतेय. दा. साहेब म्हणाले, थांबू थोडं, वारा पडेल. मी हँगरच्या दाराशी खोक्यावर बसून हे लिहितोय. ही आलीय माझ्या मागोमाग, येऊ नको म्हटलं तरी. पलीकडे बाभळीखाली बसलीय, विमानाकडे पाठ करून. मघाशी विचारलं, तिकडे तोंड का. म्हणाली, तुम्ही चढलात की नाही ते मला बघायचं नाही, नंतर सांगा.

साहेबांना अजून उत्तर दिलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. चामडी टोप्या दोन आणल्यात, एक माझ्या मांडीवर ठेवून गेले.

मनात म्हणतोय, वारा पडू नये. आणि मग तो जरा जोरात आला की विमानाकडे बघून वाईट वाटतं. दावणीला बांधल्यासारखं हलतंय बिचारं.

तोंडाला कोरड. पाणी प्यालो, परत कोरड.

पिशवी खाली आली. पुन्हा उठेल असं वाटलं. नाही उठली. सरळ लोंबतेय. साहेब मागच्या खुर्चीत चढले, पट्टा बांधताहेत. माझ्याकडे बघत नाहीत, मुद्दाम.

आईची शपथ नाही. पिन सैल नाही. वारा नाही.

उठतो. निदान उठतो तरी.