पूर्वेकडचा स्टँड

बॉथेल,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय एकनाथकाका,

सविनय जयभीम. अपर्णाताई आणि बाळ कसे आहेत? फोटो पाहिला. कपाळ अगदी तुमच्यावर गेलंय. आयसेलिनला अजून ऊन असेल, इथे गारठा सुरू झाला. म्हणून म्हणते, शनिवारच्या मॅचसाठी धावपळ करून येऊ नका. राहा लेकीकडे अजून आठवडाभर. आपले रोव्हर्स काय, पुढच्या वर्षीही खेळतील.

हे खोटं आहे, काका. पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही, आणि गारठ्याचा काही संबंध नाही. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही, म्हणून ही ईमेल लिहितेय.

जुलैत शेवटच्या मिनिटाला आपण गोल केला, तुम्ही ढोल घुमवलात आणि पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, प्रेक्षकांच्या त्या पायऱ्यांवर, चारशे लोक उड्या मारायला लागले. तेव्हा तो स्टँड माझ्या पायाखाली आडवा हलला. थोडं वरखाली हलणं चालतं. आडवं नाही. मॅच संपल्यावर मी खाली शिरून पाहिलं. दोन तिरप्या पट्ट्यांचे बोल्ट गायब होते आणि एका खांबाच्या वेल्डिंगला चीर होती. नख जाईल एवढी.

क्लबचा मॅनेजर डग म्हणाला, "तूच इंजिनियर आहेस ना? सिटीच्या ऑफिसला स्टँड सुरक्षित असल्याचा रिपोर्ट द्यायचाय, सही कर. सीझन संपला की दुरुस्त करू. स्टँड बंद झाला तर लीग आपल्याला काढून टाकेल."

मी सही केली.

का, ते तुम्हाला कळेल. नागपूरहून आले त्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिस आणि खोली, एवढंच होतं माझं. तुम्ही मला त्या स्टँडमध्ये नेऊन उभं केलंत, गळ्यात क्लबचा स्कार्फ टाकलात, सगळ्यांना सांगितलंत, "ही माझी पोरगी." तेच गेलं असतं तर इथे माझं कोण होतं?

गेल्या शनिवारी पुन्हा पाहिलं, तर त्या चिरेत माझी किल्ली शिरत होती.

सोमवारी सिटीला फोन करून मी सही मागे घेतली. माझ्या इंजिनियरच्या लायसन्सचं काय व्हायचं ते होईल. त्यांनी स्टँडला कुलूप लावलं. पण डगने सगळ्यांना सांगितलंय की कागदपत्रांची काहीतरी भानगड आहे, कुणीतरी चुगली केली. फॅन्सच्या ग्रुपवर लोक पेटलेत. आपला परीक्षित लिहितो, "कुलूप तोडू यार, स्टँड आपला आहे." काल तुम्हीही लिहिलंत, "ढोल तिथेच वाजेल." त्याखाली दोनशे हार्ट्स आले. मी नुसती वाचत बसले.

आता अर्ध्या तासात चिरेचे फोटो माझ्या नावानिशी ग्रुपवर टाकते. पण जिने सही केली तिच्यावर कोण विश्वास ठेवेल? तुमचं ऐकतील. तुम्ही ढोल घेऊन जिथे उभे राहता, तिथेच ते जमतात. तेव्हा शनिवारी याच, काका. समोरच्या गवतावर उभे राहा आणि सगळ्यांना तिकडे बोलवा. नंतर माझ्याशी आयुष्यभर बोलला नाहीत तरी चालेल. पण त्या पायऱ्या चढू नका.

दोन महिने त्याच फळ्यांवर तुमच्या शेजारी गप्प उभी राहिलेली,
उपासना