बाल्कनीतली टाळी

दि. ९ जानेवारी

चि. ठकू, अ. आ.

इकडे सगळं ठीक. गुडघे माझ्यासारखेच आहेत, कुरकुरतात आणि चालतात.

आपलं जुनं थिएटर उघडलं बरं का! इतकी वर्षं कुलूपबंद होतं, आता छताची नक्षी, लाल खुर्च्या, पितळी दिवे, सगळं होतं तसं करून ठेवलंय. मी लगेच वर्षभराच्या मैफलींचा पास काढला. तुझे बाबा तिथे दारं सांभाळायचे, तेव्हाची त्यांची खोड आठवते ना? लोकांना आत सोडण्याआधी बाल्कनीत शेवटच्या रांगेत जाऊन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाळी वाजवायचे. जिकडे ती स्वच्छ घुमेल तिकडची खुर्ची माझ्यासाठी रुमाल टाकून अडवायचे. हॉलची लहर रोज बदलते म्हणायचे.

ठकू, घाबरू नकोस. परवा दिवे मंद झाले आणि मागून टाळी वाजली. एकच, डावीकडून. वळून पाहिलं तर रांग रिकामी. तळवे जरा पोकळ धरून वाजवलेली, त्यांचीच. मी मुकाट्याने उठून डावीकडे जाऊन बसले.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर तुझी सदा घाई. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी आई


दि. २० जानेवारी

ती. आईस, सा. न.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अगं, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. दादाला तिकडे परदेशी कळवलं, तर तोही काळजीत पडलाय.

शेजारच्या नर्सबाईंचं पत्र आलं. किटली शिट्ट्या मारमारून कोरडी पडली आणि तू पलीकडच्या खोलीत निवांत पेपर वाचत होतीस म्हणे. आग लागली असती तर? आता पुरे झालं एकटं राहणं. तुझ्यासाठी खिडकीची खोली रिकामी केलीय, तू ये.

आणि एक विचारते. पूर्वी एखाद्याचा सूर जरा हलला तरी तू दोन पानं त्याची चंपी करायचीस. हल्ली कोण काय गायलं, ते चकार शब्दाने लिहीत नाहीस, असं का?

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी ठकू


दि. १ फेब्रुवारी

चि. ठकू, अ. आ.

नर्सबाईंना दुसरे पेशंट नाहीत वाटतं.

गाणं छान झालं. गाणारीच्या गळ्याची शीर कशी तटतटत होती! व्हायोलिनवाल्याचा गज सरसर वरखाली, आणि पहिल्या रांगेतला टकलू गाढ झोपलेला. झालं समाधान?

खोली चांगलीच असणार. पण मी इथून हलले, तर त्यांनी जागा कुणासाठी राखायची? काल टाळी उजवीकडून वाजली. तूच ये, माझ्या शेजारी बस, आणि मग मला काय ते ऐकव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहे.

तुझी आई


दि. २३ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

काल आईकडून परतले. दादा, तिला काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही. समोर असलं की ओठ पाहून बोलते, म्हणून तर फोन नको. गाणं चालू असताना माईक इतका किंचाळला, की लोकांनी कान झाकले. आई डोळे मिटून मान डोलवत होती.

त्याआधीचं तर सांगवत नाही. दिवे मंद झाले तशी ती ताठ बसून वाट पाहत राहिली. पडदा वर गेला. मग माझा हात घट्ट धरून तिने विचारलं, की ऐकलीस का. मी काहीच ऐकलं नव्हतं. पण तिचा चेहरा बघवेना, मी हो म्हणाले. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात सोडला, आणि जागची उठली नाही.

एवढं एक खोटं चालेल ना रे? तुझा धीर आहे म्हणून बरं.

तुझी ठकू


दि. २ मार्च

चि. ठकू, अ. आ.

मी येते. खोली झाडून ठेव.

कानांचं तुझ्या लक्षात आलंच असेल. ते हिवाळ्याआधीच गेले. सांगितलं असतं तर तुम्ही भावंडांनी मला उचलूनच नेलं असतं. सगळे आवाज गेले, टाळी तेवढी उरली होती. खरं सांगू? ती माझ्या डोक्यातच वाजते, असं मी मनाशी धरून चालले होते. बहिरीला दुसरं काय ऐकू येणार?

तू आलीस त्या दिवशी मला ती ऐकू आली नाही. म्हणून तुला विचारलं. तू हो म्हणालीस. म्हणजे ते खरंच तिथे आहेत, ठकू. अजून वाजवतात. मलाच आता तेवढंही ऐकू येत नाही. ते एका बाजूला जागा राखणार आणि मी खुळ्यासारखी दुसरीकडे बसणार, हे मला सहन व्हायचं नाही. त्यापेक्षा तुझ्याकडे आलेली बरी.

निघण्याआधी एकदाच जाऊन त्यांच्याजवळ बसून येईन. तेवढं उलट टपाली कळव. त्या दिवशी टाळी डावीकडून आली की उजवीकडून?

तुझ्या उत्तरासाठी थांबलेली,
तुझी आई