सारवलेली चूल

पालम,
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धोधन यास,
सप्रेम जयभीम व ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायचं तर दोन मिनिटांत आपलं भांडण होतं, म्हणून कागद घेऊन बसले. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही. राजेश्री आणि बाळी कशा आहेत? बाळीचा फोटो माय येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, पण नाशिकला जाऊन तिला बघून ये म्हटलं की उत्तर एकच, मूर्तीला पाणी कोण मारील?

अण्णांच्या मूर्तींच्या शेडचं बरं चाललंय. दर शनिवारी एखादी शाळा येते. आम्ही मूर्तिकार घडवत नाही, हे मी मास्तरांना आधीच सांगून ठेवते. लेकरांनी माती मळावी, हात बरबटून घ्यावेत, अण्णा तारेचा सांगाडा कसा बांधायचे ते बघावं, एवढंच. महिन्यातला एक रविवार आसपासच्या गावांतल्या बायकांसाठी ठेवलाय. माती कशी मळायची ते माय शिकवते. अण्णांची माती जन्मभर तिनंच मळली, पण शिकवायला बसली की अशी ऐटीत बसते, आमच्या शाळेचे हेडमास्तरही तिच्यापुढं काही नाहीत.

आता मुद्द्यावर येते. काल राणीसावरगावच्या बायका आल्या होत्या. अण्णांची शेवटची मूर्ती तुला ठाऊकच आहे, चुलीपुढं भाकरी थापणारी बाई. अण्णा गेल्यापासून माय रोज तिच्या मातीवर पाणी मारते, ओली पोती गुंडाळते, वाळून फुटू नये म्हणून. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. काल बायकांना दाखवायला तिनंच पोती काढली आणि आम्ही दोघी चहा टाकायला घरात गेलो. परत येऊन पाहतो तर केशरबाई नावाच्या एक बाई आणि त्यांच्या सोबतिणी मूर्तीतली चूल सारवत बसलेल्या. थंडीनं चुलीला तडा गेला होता. तडा गेलेली चूल दिसली की आपल्याकडच्या बाईचा हात आपोआप मातीकडं जातो, त्यांना दोष तरी काय द्यायचा? पण चूल झाल्यावर उरलेली कालवलेली माती मूर्तीतल्या बाईच्या लुगड्यावर फिरली आणि भाकरी थापणाऱ्या हातांवरही. अण्णांनी त्या हातांवर किती जीव टाकला होता. शिरा, बांगड्या, आता काहीच दिसत नाही.

मायनं पोती गुंडाळली आणि आत जाऊन निजली. केशरबाई रडायला लागल्या. चहाला कुणी शिवलं नाही. महिनाअखेरच्या शनिवारी पोखर्णीची शाळा यायची आहे. येऊ नका म्हणून कळवू का? माझा तर धीरच सुटलाय.

लोभ आहेच, तो रागाच्या भरात कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
धम्मशीलाताई


नाशिक,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सिद्धोधनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं आणि डोकं फिरलं, खोटं कशाला सांगू? तुला फोन लावणारच होतो, पण राजेश्रीनं मोबाईल काढून घेतला. तिचे आभार मान.

मी मागेच म्हणालो होतो की साचा घेऊ आणि मूर्ती फायबरमध्ये काढू. मायनं ऐकलं नाही. साचा उघडला की आतली माती खरवडून काढावी लागते, मूर्ती मोडते, आणि अण्णांच्या हातची मूर्ती मोडू द्यायची नाही, या एका हट्टापायी ती त्या पोत्यांना बांधून घेऊन बसली. नात झाली तरी आली नाही. बाळी आता धरून उभी राहायला लागली. ताई, मूर्तीचं दुःख मलाही आहे, पण मला खरी काळजी मायची आहे. माझं मत विचारशील तर शेड काही दिवस बंदच ठेव. पण शेड तिची आहे, तेव्हा शाळेला काही कळवायच्या आधी तिला विचार.

आणखी एक. शाळा, घर, माय आणि शेड, सगळं तू एकटी ओढतेस आणि कधी बोलून दाखवत नाहीस. मलाही समोरासमोर बोलायला जमलं नाही. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

राजेश्रीचा नमस्कार. भांडणासकट माया असू दे.

तुझा,
सिद्धोधन


पालम,
दि. १ डिसेंबर २०२५

चि. सिद्धोधन यास,
मायचे लय लय आशीर्वाद. जयभीम.

मी सांगायलेय अन् तुजी ताई लिवायलीय. मी सांगते तसंच लिव म्हणलं, शाळेतलं करू नको.

तुजं पत्र तिनं वाचून दाखवलं. त्या दिशी मी आत जाऊन निजले ते रागानं न्हाई. पोती गुंडाळताना मूर्तीच्या हातावरून हात फिरवला. मला वाटायचं, तुज्या बापाची बोटं मला अंधारातबी वळखू येतील. न्हाई आली. केशरबाईची कुठली अन् त्याची कुठली, कायबी कळंना. एवढं पाणी मारलं ते त्याची बोटं ऱ्हावीत म्हणून, अन् मलाच वळखू येईनात. त्याचं रडू आलं.

चार-सा दिसांनी केशरबाई एकलीच एस्टीनं आली, भाकरी अन् ठेचा बांधून. तिच्या मायच्या घरची चूल अशीच व्हती म्हनं, तडा बघवला न्हाई म्हनं. आमी दोघी तिथंच मूर्तीम्होरं जेवलो. मला तर तिचे उपकारच वाटले बघ. मातीची चूल, अन् एका बाईला ती खरी वाटली. यापरीस तुज्या बापाला आणखी काय पायजे व्हतं? त्याला शाली लय जणांनी घातल्या, पण त्याची चूल कुणी सारवली न्हवती.

मग मीच परभणीला भागवत मिस्त्रीला निरोप धाडला. त्यांनी साचा घेतला. चूल हाय तशीच ऱ्हाऊ द्या, बायांची बोटं पुसू नका म्हणलं. साचा उघडल्यावर माती मी माज्या हातानं काढली. परवा शनवारी पोखर्णीची लेकरं आली, त्यास्नी तीच मळायला दिली. कुणी बैल केला, कुणी टॅक्टर. एका पोरीनं मोबाईल केला अन् कानाला लावून मामासंगं बोलायली. शेड नुसती दणाणून गेली. ती बंद करायचं इसर.

लेकरं गेल्यावर सवयीनं बादली भरली. शेडमदी गेले तवा ध्यानात आलं, पाणी मारायचं कशावर? पाणी अंगणात वतलं. मग दाराला कडी लावली अन् ताईला म्हणलं, माजं तिकीट काढ.

आयतवारच्या गाडीनं यायलेय. सूनबाईला जयभीम सांग. माया पातळ करू नका.

तुजी माय,
सरजाबाई