दिवसाढवळ्या लावलेलं दार

रविवार, संध्याकाळचे सात, करी रोड

आज चुकलंच माझं. रॅपच्या स्पर्धेला ट्रॅक पाठवायचा शेवटचा दिवस. निवड झाली तर पहिल्यांदाच खरं स्टेज! म्हणून दुपारी आजोबांना गप्प बसवलं, दार लावलं आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पण आमच्या चाळीत दिवसा दार लावतं का कुणी? पाच मिनिटांत निम्मा मजला बाहेर जमला. शेजारच्या सावंतकाकू दार बडवत ओरडल्या, "गो, दार कित्याक लावलंस? आजोबा बरे आसत मा?"

अख्खा टेक वाया. मी जाम चिडले. आजोबा मात्र हसत सुटले. "अगं, गिरणीच्या संपात चूल बंद पडली होती, पण दार नव्हतं लावलं कधी."

आणि मी रॅप कशावर करत होते? चाळीच्या उघड्या दारांवर! स्वतःचंच हसू आलं. मग दार सताड उघडलं, सगळ्यांना आत बसवलं आणि एका दमात म्हटलं. असा टेक आजवर जमला नव्हता. काकूंची ती आरोळी सुरुवातीलाच जोडली आणि ट्रॅक पाठवून दिला.

आत्ताच काकू दारातून डोकावल्या. "माजा नाव घातलंस मा गो?"

घातलंय. माझ्या आधी.